समुद्राचा सामू, ऊन आणि विषारी शैवाल
(खाडीकाठच्या शेतकऱ्यांसाठी)

रत्नागिरी जिल्ह्यातला खाडीकाठचा शेतकरी नुसत्या भातावर आणि आंब्यावर जगत नाही. भात घरात आले की जयगड, काळबादेवी, भाट्ये, पूर्णगड या खाड्यांत ओहोटी साधून कालवे फोडली जातात, तिसऱ्या वेचल्या जातात. कित्येक घरांचा बाजारहाट त्यावर चालतो. अशाच एका गावी भातशेतीची सभा संपल्यावर एका भगिनीने विचारले, "साहेब, कधी कधी पाण्याला लालसर रंग येतो. तेव्हाच्या तिसऱ्या चांगल्या उकडल्या आणि चार आमसुले टाकली, म्हणजे भीती नाही ना?"

या प्रश्नाचे उत्तर "भीती आहे" असेच द्यावे लागते. त्याचे कारण समजण्यासाठी समुद्रात सध्या काय बदल होत आहेत, हे थोडक्यात पाहू.

विष शिंपल्यात कसे येते?

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवाले असतात. जमिनीवर जसे गवत, तशी समुद्रात ही शैवाले. मासळीचे सारे अन्न शेवटी त्यांच्यापासूनच येते. बहुतेक शैवाले निरुपद्रवी असतात. मात्र डायनोफ्लॅजेलेट या गटातील अलेक्झांड्रियम, जिम्नोडिनियम कॅटेनाटम अशा काही जाती सॅक्सिटॉक्सिन नावाचे मज्जातंतूंवर परिणाम करणारे विष तयार करतात. कालवे, तिसऱ्या, शिनाणे दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून त्यातले शैवाल खातात. शिंपल्याला स्वतःला फारसा त्रास होत नाही, पण विष त्याच्या मांसात साठत जाते.

हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. आंबट पदार्थात तर ते अधिकच टिकते. म्हणून उकडणे, तळणे, कोकम किंवा चिंच घालणे यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही. उकडलेले पाणी फेकले तर विष थोडे कमी होईल, नाहीसे होणार नाही. आणि तेच पाणी सारात वापरले तर विष सारात उतरते.

हा धोका आपल्यापासून दूरचा नाही. याच अरबी समुद्राच्या काठी, मंगळूर परिसरात १९८३ साली अशी विषबाधा नोंदली गेली. केरळातील विळिंजम येथे सप्टेंबर १९९७ मध्ये शिनाणे खाल्ल्यामुळे ७ जण दगावले आणि सुमारे ५०० लोकांना रुग्णालयात न्यावे लागले.

समुद्राचा सामू का घटतो?

माती परीक्षणाच्या पत्रिकेमुळे सामू हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. कोकणातील जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी, तर समुद्राचे पाणी किंचित विम्लधर्मी असते. औद्योगिक युगापूर्वी हवेत कर्बवायूचे (कार्बन डायऑक्साइडचे) प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. यातील बराच वायू समुद्र शोषून घेतो व त्याचे कार्बोनिक आम्ल बनते. त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. फरक लहान दिसतो, पण सामूच्या मापात ०.१ घट म्हणजे आम्लतेत सुमारे २५ टक्के वाढ होय.

आपल्या किनाऱ्यावर यात आणखी एक भर पडते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालच्या थरातील पाणी वर येते. त्या पाण्यात नत्र-स्फुरद भरपूर असते. मात्र प्राणवायू कमी, कर्बवायू जास्त आणि म्हणून सामूही कमी असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पावसाळ्याच्या उत्तरार्धात या उथळ पट्ट्यात प्राणवायूची तीव्र टंचाई होत असल्याचे दाखवून दिले.

कमी सामूचा पहिला फटका कवच बांधणाऱ्या प्राण्यांना बसतो. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर २००७ ते २००९ या काळात कालव्यांच्या बीजोत्पादनात कोवळी पिल्ले मोठ्या प्रमाणावर मेली. त्यामागे खालून वर आलेले असेच कमी सामूचे पाणी होते.

जास्त कर्बवायू कोणाला मानवतो?

हवेत कर्बवायू वाढला तर भाताला जेवढा फायदा होतो तेवढा मक्याला होत नाही, कारण मक्याजवळ कर्बवायू साठवून वापरण्याची सोय मुळातच आहे. शैवालांतही असा फरक आहे. डायनोफ्लॅजेलेट गटातील कर्ब पकडणारे विकर तुलनेने दुबळे असते. त्यामुळे जास्त कर्बवायूचा लाभ त्यांना मिळण्याची शक्यता असते.

विषाचे प्रमाण मात्र सर्वत्र सारखे वाढत नाही. प्रयोगशाळेत कर्बवायू वाढवून अलेक्झांड्रियम वाढवले असता काही वाणांत विष वाढले, तर काहींत घटले. म्हणून "समुद्र आम्ल झाला की विष वाढलेच" असे सरसकट म्हणणे बरोबर नाही.

अतिनील किरणांचा परिणाम

उन्हातील अतिनील किरण शैवालाच्या पेशीतील जनुकद्रव्याला व प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला इजा करतात. पावसाळ्यातील गढूळ खाडीत हे किरण फार खोल जात नाहीत. ढग सरले व पाणी निवळले की त्यांचा जोर वाढतो. ओझोन थर वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला व त्याचा चांगला उपयोगही झाला. परंतु समुद्र तापल्यामुळे वरचा कोमट थर खालच्या थंड पाण्यात मिसळेनासा होतो आणि शैवाले उन्हाखालच्या पातळ थरात अडकून पडतात.

येथे तणाची आठवण होते. शेतावर ताण आला की पीक आधी माना टाकते, तण तग धरते. लाल भरती आणणाऱ्या अनेक डायनोफ्लॅजेलेट जातींच्या पेशीत अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये असतात. शिवाय त्यांना पोहता येते. ऊन फार झाले तर त्या खाली सरकू शकतात. चुन्याचे कवच असणाऱ्या काही शैवालांत उलट घडते. सामू घटला की कवच पातळ होते आणि पातळ कवचातून अतिनील किरण जास्त आत शिरतात. म्हणजे दोन्ही ताण एकत्र आले की कोणते शैवाल मागे पडेल व कोणते पुढे जाईल, हे जातीवर ठरते. समुद्रात विषारी जातींना वाव मिळतो तो असा.

तणाचे बी जसे जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते, तशा यांपैकी अनेक जातींच्या सुप्त पेशी खाडीच्या गाळात टिकून राहतात व परिस्थिती अनुकूल होताच रुजतात. त्यामुळे एकदा शिरलेली जात सहजासहजी जात नाही.

शेतातील नत्राचा संबंध

सॅक्सिटॉक्सिनच्या एका रेणूत नत्राचे ७ अणू असतात. विष तयार करायला शैवालाला नत्र लागतो. खुल्या समुद्रात तो मुख्यतः खालच्या पाण्यातून येतो, पण बंदिस्त खाडीत सांडपाण्याबरोबर आपल्या खाचरांतून वाहून आलेला नत्रही मिसळतो. समुद्राचा सामू किंवा ऊन आपल्या हातात नाही. हा नत्र मात्र थोडाफार आपल्या हातात आहे.

काय काळजी घ्यावी?

१) पाण्याला लाल, तपकिरी किंवा दाट हिरवा रंग दिसल्यास त्या भागातील कालवे, तिसऱ्या, शिनाणे काढू नयेत, खाऊ नयेत व विकू नयेत. रंग गेल्यावरही विष काही आठवडे राहू शकते.

२) रंग नाही म्हणजे विष नाही, असे समजू नये. उलट, नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूपासून देवगडपर्यंत रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा दिसल्या, त्या नॉक्टिल्युका या शैवालाच्या होत्या. ते सॅक्सिटॉक्सिन करत नाही, परंतु दाट वाढल्यास अमोनिया व प्राणवायूच्या टंचाईमुळे मासळीला घातक ठरते. कोळंबी तळ्यात असे पाणी घेऊ नये.

३) शिंपले खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत ओठ, जीभ, बोटे बधिर झाली, मुंग्या आल्या, बोलताना जीभ जड झाली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे व काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. या विषावर उतारा नाही. पण वेळेवर कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाल्यास रोगी वाचतो.

४) रंगीत पाणी दिसल्यास स्वच्छ बाटलीत एक लिटर नमुना घेऊन सावलीत, थंड ठेवावा. जागा, तारीख व वेळ लिहून तो त्याच दिवशी रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात दाखवावा.

५) भातात युरिया फोकून देण्याऐवजी चारसूत्री पद्धतीने युरिया-डीएपी ब्रिकेट वापरावी. १५-२५ सें.मी. अंतरावर नियंत्रित लावणी करून त्याच दिवशी चार चुडांच्या चौकोनात २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल खोचावी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत लागते. नत्र चिखलात राहतो, पिकाला मिळतो आणि ओढ्यात जात नाही.

६) मुसळधार पावसाच्या तोंडावर खत देऊ नये. खाचराचे बांध दुरुस्त ठेवावेत व खाडीकडेची कांदळवने तोडू नयेत.

सभेतल्या त्या भगिनीला मी एवढेच सांगितले होते की, "ताई, पाण्याला रंग असेल त्या दिवशी पाटी रिकामी आणा." एका दिवसाचे नुकसान होईल, पण घरातले माणूस सुखरूप राहील. हे आपल्या वाडीतही सर्वांना सांगावे.