लोणारची चित्रे आणि तारकेचे चिन्ह

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुम्हांला ठाऊक आहेच. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात हे विवर तयार झाले असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. जून २०२० मध्ये या सरोवराचे हिरवट पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा ‘हॅलोआर्किया’ नावाचे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव याला कारण असल्याचे दिसून आले.

हा रंगबदल आकाशातूनही टिपला गेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये सोडलेला लँडसॅट-८ हा उपग्रह दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. २५ मे २०२० च्या चित्रात पाणी हिरवे आहे, तर १० जूनच्या चित्रात गुलाबी. मग पूर्वीच्या वर्षीही असे झाले होते का? हे शोधायचे तर सर्व वर्षांची चित्रे तपासली पाहिजेत. ती विनामूल्य मिळतात, पण त्यांची संख्या पाहा. वर्षात २२ किंवा २३ फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत प्रकाशाच्या ११ पट्ट्यांच्या ११ फाइली मिळतात. म्हणजे वर्षाला सुमारे अडीचशे आणि दहा वर्षांत अडीच हजार! त्यांतून हव्या त्या फाइली हाताने निवडणे म्हणजे ज्वारीच्या पोत्यातून खडे वेचण्यासारखेच. हे काम संगणकाकडून कसे करून घ्यावे ते आता पाहू.

प्रथम फाइलीचे नाव नीट वाचू या. मूळ नाव रोमन लिपीत असते. येथे ते आपल्या लिपीत उतरवले आहे. त्यातील दुसरी तारीख केवळ नमुन्यादाखल घेतली आहे.

एलसी०८_एल१टीपी_१४६०४६_२०२००५२५_२०२००८२०_०२_टी१_बी४.टीआयएफ

‘१४६०४६’ म्हणजे उपग्रहाचा मार्ग १४६ आणि ओळ ४६. लोणार याच चौकोनात येते. त्यानंतरची तारीख चित्र घेतल्याची, तर तिच्या पुढची तारीख चित्रावर संगणकीय प्रक्रिया केल्याची. शेवटचे ‘बी४’ म्हणजे चौथा, लाल प्रकाशाचा पट्टा. ‘बी३’ हा हिरव्याचा.

संगणकाला आपण पूर्ण नाव न देता नावाचा साचा देतो. साच्यात तीन खुणा वापरतात. तारका (*) म्हणजे येथे काहीही चालेल, कितीही चिन्हे, अगदी एकही नसले तरी. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमके एक चिन्ह, मग ते कोणतेही असो. चौकटी कंस [५६] म्हणजे एकच चिन्ह, परंतु ५ किंवा ६ यांपैकीच. बाकीची चिन्हे जशीच्या तशी जुळली पाहिजेत. १९७१ साली बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीत या कामासाठी ‘ग्लॉब’ नावाचा छोटा प्रोग्राम होता. पायथॉन भाषेत आजही त्याच नावाने ही सोय मिळते.

आता सर्वांत कमी आकड्याच्या निळ्या पट्ट्याच्या, म्हणजे ‘बी१’च्या फाइली हव्या आहेत असे समजा. ‘*बी१*’ हा साचा दिला तर काय होईल? बी१ तर येईलच, पण बी१० आणि बी११ हेही येतील, कारण शेवटची तारका ‘०’ आणि ‘१’ गिळून टाकते. हे दोन पट्टे उष्णता मोजणारे आहेत. त्यांचा रंगाशी संबंध नाही. म्हणून साचा ‘*_बी१.टीआयएफ’ असा बंद करावा.

दुसरी चूक याहून घातक आहे. २०२० ची चित्रे हवीत म्हणून ‘*२०२०*’ लिहिले, तर २०१६ साली घेतलेले परंतु २०२० मध्ये प्रक्रिया झालेले चित्रही आत शिरते, आणि २०१६ चे हिरवे पाणी २०२० च्या खात्यावर जमा होते! संगणक चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने साचा जुळलेला असतो. उपाय असा:

*_१४६०४६_२०२००[५६]??_*_बी४.टीआयएफ

आता वर्ष जागेवर बांधले गेले. मे किंवा जून, कोणताही दिवस आणि लाल पट्टा, एवढेच यातून निवडले जाईल.

तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस का, हेही ध्यानात घ्या. अशी नावे क्रमाने लावली की ती आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला असता तर १ डिसेंबर हा २ जानेवारीच्या आधी आला असता. पायथॉनचे ‘ग्लॉब’ फाइली क्रमाने देईलच असे नाही. क्रम आपणच लावून घ्यावा.

देवनागरीत नावे ठेवणाऱ्यांसाठी एक गंमत. ‘लोणार’ या शब्दात आपण तीन अक्षरे मोजतो. संगणक मात्र ल, ओकाराची मात्रा, ण, काना आणि र अशी पाच चिन्हे मोजतो. त्यामुळे ‘???’ या साच्यात लोणार बसत नाही, ‘?????’ मध्ये बसते.

शेवटी एक पथ्य. साच्याने फाइली निवडता येतात, तशाच पुसताही येतात. म्हणून आधी फक्त यादी छापून पाहावी, संख्या अपेक्षेशी ताडावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. दोन महिन्यांत एका पट्ट्याच्या तीन-चार फाइली अपेक्षित असताना चाळीस आल्या, तर साचा सैल आहे हे निश्चित.

स्वाध्याय : सर्व वर्षांतील फक्त जून महिन्याच्या, हिरव्या पट्ट्याच्या फाइलींसाठी साचा लिहा. ‘*०६*’ एवढेच लिहिले तर का चालणार नाही?

उत्तर : *_१४६०४६_????०६??_*_बी३.टीआयएफ. नुसते ‘०६’ हे दिवसातही येऊ शकते आणि प्रक्रियेच्या तारखेतही. शिवाय पट्टा कोणता हेही सांगितलेले नाही.