आई, नळ चावतो!

माझी लेक पाच वर्षांची होती. थंडीचे दिवस, सकाळची घाई, गीझर चालू. न्हाणीघरातून तिची हाक आली, "आई, नळ चावतो!" मी पोळ्या लाटता लाटताच म्हणाले, "पाणी कढत असेल गं, थांब जरा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी जाऊन नळाला बोट लावलं, तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

वायरमननं बोर्ड उघडला. सॉकेट तीन पिनांचं होतं, पण वरच्या जाड पिनेच्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डामागे दुमडून ठेवलेली. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून गीझरचं कॉइल चिरलं होतं. त्यातली वीज पाण्यात उतरून लोखंडी पाइपातून नळापर्यंत येत होती. अर्थिंग असतं, तर तिला जमिनीत जायला वाट मिळाली असती. ते नव्हतं, म्हणून ती माझ्या लेकीच्या बोटांतून वाट शोधत होती.

"पण घरात एमसीबी आहे ना?" मी विचारलं. तेव्हा कळलं, की एमसीबी वायरीला जपतो, माणसाला नाही. गीझरचा एमसीबी सहसा 16 अँपिअरचा असतो, आणि ओल्या अंगातून त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी वीज गेली तरी जीव जाऊ शकतो. माणसाला जपतो तो आरसीसीबी. घरासाठी तो 30 मिलिअँपिअरचा घ्यावा. तेवढी वीज वाट चुकली, की तो डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात पुरवठा तोडतो.

म्हणून कळकळीनं सांगते. मेन बोर्डात आरसीसीबी आहे का, आजच बघा. त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका लगेच पडायला हवा. मात्र या बटणानं अर्थिंग तपासलं जात नाही. ते जाणत्या वायरमनकडून मीटर लावून वेगळं तपासून घ्या. कुणी न्यूट्रललाच अर्थिंगची पिन जोडून देत असेल, तर त्याला थांबवा. मुलं आंघोळीला जाण्याआधी गीझर बंद करा. बादलीत हीटरचा रॉड असेल, तर प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात नको. आणि कधी मूल विजेला चिकटलंच, तर जिवाचं पाणी झालं तरी त्याला धरायला धावू नका. आधी मेन स्विच बंद करा.

चिमुकल्यांना 'शॉक' हा शब्द ठाऊक नसतो. ती म्हणतात नळ चावतो, बादली टोचते, भिंत गुदगुल्या करते. माझ्या लेकीला ते दोनदा सांगावं लागलं. तुमच्या लेकराला एकदाच सांगावं लागू दे.