ट्रॅक्टरची नोंदणी आणि बाजाराची नाडी



पाऊस लांबला की घरात काय थांबते, ते आठवून पाहावे. मीठ-तेल थांबत नाही, पोरांच्या वह्या थांबत नाहीत. थांबतो तो ट्रॅक्टर. "औंदा राहू द्या, पुढल्या साली बघू," म्हणत माणूस शोरूमच्या दारातून माघारी फिरतो. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूची खरेदी अशी पुढे ढकलता येते. म्हणूनच तिच्या मागणीवरून लोकांना येणाऱ्या दिवसांचा भरवसा किती, ते कळते. अमेरिकेत तीन वर्षे वा अधिक टिकणाऱ्या मालाच्या मागणीचे आकडे सरकार दरमहा प्रसिद्ध करते. आपल्या नांदेड-लातूरकडे ही नाडी ट्रॅक्टरवर पाहावी, असे आम्हांस वाटते.

सन २०१३-१४ मध्ये देशात सव्वासहा लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले. मग २०१४ आणि २०१५ हे दोन्ही पावसाळे लागोपाठ तुटीचे गेले आणि २०१५-१६ चा आकडा पाच लाखांच्या आत आला. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती एप्रिल २०१६ मध्ये. विक्री मात्र २०१४-१५ पासूनच उतरू लागली होती. शिवाय रद्द झालेली नोंदणी शोरूमपुरती राहत नाही. ट्रॅक्टर कंपनी टायर कमी मागवते, ओतकाम कमी मागवते, आणि तिकडे फाउंड्रीतल्या कामगाराची पाळी कमी होते. दुष्काळ आपला, पगार त्याचा!

उलटही घडते. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीने देशाचे एकूण उत्पन्न घटले, पण ट्रॅक्टर सुमारे नऊ लाख विकले गेले. पाऊस चांगला होता, शेती चालू होती. तेव्हा ट्रॅक्टर सांगतो ते गावाचे, शहराचे नव्हे.

आता अलीकडची गोष्ट, जिथे फसगत होते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने आपल्याकडे सोयाबीन पाण्यात गेले, जमिनी खरवडल्या. त्याच सुमारास, २२ सप्टेंबरपासून, ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. कराआधी आठ लाख किंमत असेल तर ५६ हजार रुपये वाचले. देशभरातील विक्री उसळली. तो आकडा वाचून कोणी मराठवाड्यात आबादीआबाद आहे म्हणेल, तर त्यास बांधावर आणून उभे करावे. ही पुष्कळशी खरेदी स्वस्ताईची होती, भरवशाची नव्हे. आणि स्वस्त झाला तरी हप्ता ऊसबिलातूनच जायचा असतो.

आणखी एक. कंपनी सांगते तो आकडा बहुधा विक्रेत्याकडे धाडलेल्या मालाचा असतो. शेतकऱ्याच्या नावे झालेली नोंद आर.टी.ओ.कडे कळते. दोहोंत मोठा फरक पडला, तर ट्रॅक्टर अंगणात नसून शोरूमच्या आवारात उभे आहेत, असे समजावे.

विक्रेत्याकडे जाल तेव्हा इतके विचारावे : नव्या नोंदण्या किती, जुना देऊन नवा घेणारे किती, आणि विसार देऊन माघारी फिरलेले किती. तिसरा आकडा तो सहजी सांगत नाही.