संगणकीय खेळांचा चित्रकार

(मोबाईलवरील व संगणकावरील खेळांसाठी चित्रे काढणे हा आज एक व्यवसाय आहे. या व्यवसायात पहिली नोकरी कशी शोधावी, त्यासाठी शाळेत असल्यापासून कोणती तयारी करावी आणि कोठे सावध राहावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मोबाईलवर खेळ खेळता. खेळातली मोटार पळते. किल्ल्याचा दरवाजा उघडतो. भिंतीवर ओल आलेली दिसते. ही मोटार, हा दरवाजा, ही ओल कोणी तयार केली असेल, असा विचार तुमच्या मनात कधी आला आहे का? ती आपोआप तयार होत नाही. कोणीतरी दिवसच्या दिवस बसून ती तयार केलेली असते आणि त्या कामाचा त्याला पगार मिळतो.

प्रत्येक वर्गात वहीच्या शेवटच्या पानावर चित्रे काढणारा एक तरी विद्यार्थी असतो. घरी अब्बा त्याला विचारतात, "बेटा, चित्रांनी पोट भरतं का?" हा प्रश्न योग्यच आहे. आपल्या बीड जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही. दरवर्षी कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडून जातात. एकेक रुपया जपून वापरावा लागतो. म्हणून या प्रश्नाचे खरे उत्तर आपण शोधू या.

हे काम कसे चालते?

आपल्या बीड शहराजवळची खजाना विहीर तुम्हांला माहीत असेल. आपण घरी तिला खजाना बावडी म्हणतो. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सलाबतखानाने ती बांधून घेतली. समजा, ही विहीर एका खेळात दाखवायची आहे. मग काय करावे लागेल?

प्रथम एक चित्रकार कागदावर किंवा पडद्यावर विहिरीची रेखाटने करतो. सकाळी ती कशी दिसेल, रात्री कशी दिसेल, खेळणारा कोठून खाली उतरेल, हे तो ठरवतो. याला कल्पनाचित्र म्हणता येईल. नंतर दुसरा चित्रकार संगणकावर विहिरीची प्रतिकृती तयार करतो. ही प्रतिकृती लहान लहान त्रिकोण जोडून बनलेली असते. तिसरा चित्रकार त्या प्रतिकृतीवर दगडाचा रंग, शेवाळ आणि भेगा चढवतो. मग प्रकाशयोजना होते. पाणी हलते, कबुतरे उडतात. ते काम हालचाल देणाऱ्या कलाकाराचे. लहान स्टुडिओत एकच माणूस यांतली दोन-तीन कामे करतो. मोठ्या स्टुडिओत प्रत्येक कामाला वेगळी माणसे असतात.

येथे एक अडचण असते. खेळ चालू असताना संगणकाला एका सेकंदात साधारण ३० किंवा ६० चित्रे दाखवावी लागतात. प्रतिकृतीत त्रिकोण फार झाले, तर खेळ अडखळतो. म्हणून जवळच्या झाडाला जास्त त्रिकोण आणि दूरच्या झाडाला कमी त्रिकोण द्यावे लागतात. चित्र सुंदर हवे आणि हलकेही हवे. हा हिशेब ज्याला जमतो, तोच खेळांचा चित्रकार होतो.

काम कोठे मिळते?

भारतात हा व्यवसाय नवा नाही. बंगळूरमध्ये १९९७ साली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनी सुरू झाली. परदेशी खेळांसाठी चित्रे व प्रतिकृती तयार करण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केले. २०१९ मध्ये रॉकस्टार या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. आपल्या राज्यात पुण्याला २००८ मध्ये आणि मुंबईला २०१८ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे स्टुडिओ सुरू झाले.

पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी' नावाचा खेळ तयार केला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या एका मुलीची ही कथा आहे. त्यातल्या इमारतींवर राजस्थानच्या किल्ल्यांची व हवेल्यांची छाप आहे. २०१७ मध्ये या खेळासाठी लोकांकडून वर्गणी जमवण्याचा प्रयत्न झाला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही काम थांबले नाही. २०२० मध्ये खेळ बाहेर आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पुरस्कारांत पहिल्या खेळासाठीच्या पुरस्काराला त्याचे नामांकन झाले. या स्टुडिओच्या संस्थापकांपैकी श्रुती घोष या स्वतः चित्रकार आहेत. मुलींनी हे लक्षात ठेवावे.

तयारी कशी करावी?

सुरुवात कागद आणि पेन्सिलीनेच करावी. आपल्या राज्याचे कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेते. त्यांत वस्तू पाहून काढणे, आठवून चित्र काढणे, नक्षीकाम आणि भूमिती असते. ज्याला घनाची सावली कागदावर बरोबर काढता येते, त्याला संगणकावरही घन समजतो. दहावीनंतर ज्यांना पुढे शिकायचे असेल, त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट तर १८५७ पासूनचे आहे.

प्रतिकृती करण्यासाठी ब्लेंडर नावाचा संगणक-कार्यक्रम आहे. तो मुळात नेदरलँड्समध्ये तयार झाला. जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून २००२ मध्ये तो सर्वांसाठी मोफत केला. चित्रे रंगवण्यासाठी क्रिटा हा कार्यक्रमही मोफत मिळतो. म्हणजे शिकण्याची साधने फुकट आहेत. घरी संगणक नसेल, तर शाळेच्या संगणकावर गुरुजींच्या परवानगीने रोज अर्धा तास बसावे. तेही शक्य नसेल, तर मातीच्या वस्तू कराव्यात. मातीचा बैल चारी बाजूंनी नीट करणारा मुलगा प्रतिकृतीचे शास्त्रच शिकत असतो.

आणि पाहायला शिकावे. ऊसतोड कामगाराचा कोयता हातात घ्या. त्याची मूठ तळहाताने घासून कोठे गुळगुळीत झाली आहे? पाते कोठे चमकते आणि गंज कोठे चढला आहे? हे ज्याने नीट पाहिले, त्याने काढलेला कोयता खरा वाटतो. परदेशातल्या तलवारी हजारो मुले काढतात. कोयता, उसाची बैलगाडी, धारूरच्या किल्ल्याची भिंत तुमच्यासारखी कोण काढणार?

नोकरी कशी मागावी?

या व्यवसायात नोकरी देणारा माणूस प्रथम तुमचे काम पाहतो, प्रमाणपत्र नंतर विचारतो. म्हणून निवडक कामांचा संग्रह तयार ठेवावा लागतो. त्यासाठी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. पाच ते आठ पूर्ण झालेली कामे पुरे होतात. पन्नास अर्धवट चित्रे ठेवू नयेत.
२. सर्वांत चांगले काम पहिले ठेवावे. पाहणाऱ्याला वेळ कमी असतो. एखादे काम कच्चे वाटत असेल, तर ते काढून टाकावे.
३. ज्या कामाची नोकरी हवी आहे, तेच काम दाखवावे. इमारती करायच्या असतील, तर इमारती दाखवाव्यात.
४. प्रतिकृतीचे सुंदर चित्र दाखवावे, तसेच तिचे त्रिकोणही दाखवावेत. त्यावरून तुमचा हिशेब कळतो.
५. दुसऱ्याचे काम आपले म्हणून कधीही दाखवू नये. ही चोरी आहे. ती उघडकीस आली की पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

अर्ज छोटा असावा. उदाहरणार्थ :

"महोदय,
आपल्या स्टुडिओत कनिष्ठ चित्रकाराची जागा असल्याची जाहिरात वाचली. मी खेळांतील इमारती व वस्तू तयार करतो. सोबत माझी सहा कामे पाठवत आहे. त्यांपैकी पाच कामे पूर्णपणे माझी आहेत. सहाव्या कामात प्रतिकृती माझी असून प्रकाशयोजना माझ्या मित्राची आहे. आपण चाचणी दिल्यास ठरलेल्या मुदतीत काम पूर्ण करून देईन.
आपला विश्वासू,
अ. ब. क."

पाहा, या अर्जात मोठे शब्द नाहीत, विनवणी नाही आणि खोटेही काही नाही. असा अर्ज पुष्कळदा इंग्रजीत लिहावा लागतो. पण मराठीत किंवा उर्दूत नेमके लिहिता आले, तर इंग्रजीतही नेमके लिहिता येते.

अर्ज पसंत पडला, तर बहुधा एक चाचणी देतात. एखादी वस्तू ठरलेल्या दिवसांत तयार करून द्यायची असते. सूचना दोनदा वाचाव्यात आणि मुदत पाळावी. नकार आला तर खचून जाऊ नये. पहिल्या नोकरीआधी अनेक नकार येतात. सहा महिन्यांनी संग्रहातले सर्वांत कच्चे काम बदलावे आणि पुन्हा अर्ज करावा.

कोठे सावध राहावे?

नोकरी देण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तेथून परत फिरावे. खरी कंपनी पगार देते, पैसे मागत नाही. काही शिकवणी वर्ग "नोकरीची शंभर टक्के हमी" असे लिहितात आणि लाखांत फी घेतात. अशा ठिकाणी वडिलांना सोबत न्यावे. गेल्या वर्षी शिकलेल्या मुलांची कामे पाहायला मागावीत. हमी कागदावर लिहून मागावी. जमीन विकून किंवा व्याजाने पैसे काढून असा वर्ग लावू नये.

आणखी एक खरी गोष्ट. या व्यवसायात चढउतार आहेत. २०२३ व २०२४ मध्ये जगभरातल्या खेळ-कंपन्यांनी हजारो माणसे कामावरून कमी केली. सांगितल्याबरोबर चित्र काढून देणारे संगणक-कार्यक्रमही आता आले आहेत. मग चित्रकाराने काय करावे?

उर्दू वाचणाऱ्यांना याचे एक उदाहरण जवळचे आहे. पूर्वी उर्दू वर्तमानपत्र कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या सुंदर हस्ताक्षरातून नूरी नस्तालीक तयार झाले आणि संगणकावर उर्दू लिहिता येऊ लागले. कातिबांचे काम हळूहळू कमी झाले. पण लक्षात घ्या, त्या संगणकाला वळणदार अक्षर एका खुशनवीसाच्या हातानेच दिले होते. साधन बदलते, तेव्हा ज्याची नजर तयार आहे आणि जो नवे साधन शिकतो, त्याला पुढे जाण्याची वाट सापडते.

म्हणून हाताशी दुसरे कामही ठेवावे. इमारतींची संगणकीय चित्रे, जाहिराती, पुस्तकांतली चित्रे, कार्टूनपट यांतही हीच कला लागते. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सुरुवातीला सिनेमाचे फलक रंगवत. पुढे त्यांनी लहान मुलांच्या खेळण्यांचे नमुनेही केले. जगप्रसिद्ध चित्रकार झाले ते नंतर. पहिली नोकरी लहान असली, तरी तिच्यात हात तयार होतो.

तेव्हा चित्रांनी पोट भरते का? भरते, पण नुसत्या आवडीने भरत नाही. रोजचा सराव, पूर्ण केलेले काम आणि प्रामाणिकपणा या तीन गोष्टी लागतात. या आठवड्यात घरातली एक वस्तू निवडा. लोटा चालेल, कंदील चालेल. ती समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन वेळा काढा आणि खाली तारीख लिहा. हेच तुमच्या संग्रहाचे पहिले पान.

शब्दार्थ
प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली वस्तू, नमुना
रेखाटन – रेषांनी काढलेले कच्चे चित्र
मुदत – ठरवून दिलेला वेळ
नामांकन – पुरस्कारासाठी नाव सुचवले जाणे
खुशनवीस – सुंदर अक्षर काढणारा
विनवणी – आर्जव, विनंती

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खजाना विहीर कोणी बांधून घेतली?
(आ) 'राजी' हा खेळ कोणत्या शहरातील स्टुडिओने तयार केला?
(इ) ब्लेंडर हा कार्यक्रम कोणत्या वर्षी सर्वांसाठी मोफत झाला?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) दूरच्या झाडाला कमी त्रिकोण द्यावे लागतात.
(आ) संग्रहातले कच्चे काम काढून टाकावे.
प्र. ३. पाठात कातिबांचे उदाहरण का दिले आहे, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
प्र. ४. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूचे दहा ओळींत वर्णन करा व तिचे रेखाटन करा.