वहीत उतरलेली आत्या

प्रश्न : माझं वय 58. नातीसाठी लहानपणच्या आठवणी वहीत लिहायला घेतल्या आहेत. चार माणसांत मला धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत. पण लिहायला बसले की चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या आत्याचं बोलणं तिच्या हेलासकट कागदावर उतरतं. हे माझ्यात आलं कुठून? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आत्याचं बोलणं तुम्ही लहानपणी कान देऊन ऐकलं होतं, तेव्हापासून ते तुमच्याजवळ आहे. तोंडी सांगताना ‘आत्या फार रागवायची’ एवढ्यावर भागतं. कागदावर ते भागत नाही. कशावरून रागवायची, तेव्हा हातात काय असायचं, कुठे उभी राहून बोलायची, हे सगळं वाक्य तुमच्याकडे मागत राहतं.

आजीवर लिहिताना ‘ती चुलीपुढे बसली होती’ या वाक्याशी मी असाच अडलो होतो. बसून करत काय होती? मग फुंकणी आठवली. तिचं एक तोंड चेपलेलं होतं, त्यामुळे फुंकताना बारीक शीळ वाजायची. ती शीळ आठवली आणि मागोमाग आजीची हाक आली, ‘ऊठ रे, दूध तापलं.’ तीस वर्षांत ती हाक मला एकदाही आठवली नव्हती. एंडेल टुल्विंग आणि डोनाल्ड थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली हेच मांडलं : एखादी गोष्ट मनात साठताना तिच्या सोबतीला जे असतं, ते पुन्हा समोर आलं की ती आठवण हाती लागते. लिहिणारा माणूस नकळत ही सोबतच गोळा करत असतो.

फलटणच्या बेबीताई कांबळे चौथीपर्यंत शिकलेल्या. किराणा दुकान चालवता चालवता पुड्या बांधायच्या रद्दीतलं वाचायच्या आणि आपलं लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. थोडेथोडके दिवस नव्हे, सुमारे वीस वर्षं. पुढे ते ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यात महारवाड्यातल्या बायका आपल्याच बोलीत बोलतात. मला या पुस्तकाचं सगळ्यात मोठं बळ तिथे वाटतं. सगळ्या वाड्याचं बोलणं एका बाईच्या कानात होतं आणि ते तिने कागदावर आणेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांचंही असंच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

एक सावधगिरी मात्र बाळगा. फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली दाखवून दिलं की आठवण सांगताना माणूस मधल्या रिकाम्या जागा आपल्या ओळखीच्या गोष्टींनी भरतो, आणि ते त्याला कळतही नाही. आत्याच्या तोंडची काही वाक्यं तुम्ही रचलेली असतील. तसं असेल तर संवाद रचण्याचं कसबही तुमच्यात आहे, आणि त्याचाही आनंद माना. फक्त नातीच्या हाती वही देण्याआधी, आत्याला ऐकलेलं घरचं कुणी असेल त्याला ती मोठ्याने वाचून दाखवा. तो मध्येच थांबवून म्हणेल, ‘असं नव्हती म्हणत ती,’ आणि आत्याच्याच हेलात तिचं वाक्य म्हणून दाखवेल. तेही लिहून घ्या.