ऑपरेशन कोणत्या देशात चांगलं होतं?

प्रश्न : माझ्या काकांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला आहे. लंडनचा आतेभाऊ म्हणतो, तिकडे ऑपरेशननंतर माणसं जास्त जगतात. देशादेशांची अशी तुलना खरी मानावी का?
– एक वाचक, पिंगळी (जि. परभणी)

उत्तर : मानावी, पण आकडा कोणाचा आहे ते आधी विचारावं. २०१०–१४ मध्ये निदान झालेल्या रुग्णांपैकी पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण जपानात सुमारे ३३ टक्के होतं, बहुतेक देशांत १० ते २०. हे प्रमाण सगळ्या रुग्णांचं आहे, फक्त ऑपरेशन झालेल्यांचं नव्हे. आणि २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सहा श्रीमंत देशांची तुलना छापून आली, तेव्हा ब्रिटन मागेच होता.

ऑपरेशनच्या आकड्यांत तर मोठी गफलत होऊ शकते. एखाद्या देशानं फक्त धडधाकट, लहान गाठीचे रुग्ण टेबलावर घेतले, तर त्याचा निकाल उजळ दिसणारच. शिवाय तपासण्याही निकाल बदलतात. पेट स्कॅनमध्ये बारीक पसरलेला आजार दिसला, की रुग्ण पहिल्या टप्प्यातून चौथ्यात जातो. त्यामुळे पहिल्या टप्प्याची सरासरी सुधारते. चौथ्या टप्प्यात तोच रुग्ण इतरांपेक्षा बरा असतो, म्हणून तिथलीही सुधारते. प्रत्यक्षात एकही माणूस एक दिवसही जास्त जगलेला नसतो! अमेरिकी डॉक्टर अल्वन फाइनस्टाइन यांनी १९८५ साली हे फुफ्फुसाच्या कॅन्सरच्याच रुग्णांवरून दाखवून दिलं.

मृत्यू किती दिवसांपर्यंतचे मोजले, हेही पाहावं. ३० दिवसांवर हिशेब थांबवला, तर घरी गेल्यावर दगावलेले सुटतात. ९० दिवसांचा आकडा बराच मोठा निघतो. आपल्याकडे तर गावी परतलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे दवाखान्याला अनेकदा कळतच नाही. म्हणूनच १९८७ साली बार्शीत सुरू झालेल्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीचं मोल मला फार वाटतं. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंद करतात.

आपली खरी पिछाडी मात्र ऑपरेशनच्या आधीची आहे. खोकला, थुंकीत रक्त, एक्स-रेवर डाग दिसला की टीबी समजून गोळ्या सुरू होतात. थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही महिने जातात आणि ऑपरेशनची वेळ टळते. गोळ्यांनी डाग हटत नसेल, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीचा आग्रह धरायलाच हवा.

काकांच्या डॉक्टरांना विचारा : टप्पा कोणता, तो कशावरून ठरवला, श्वासाची क्षमता ऑपरेशन झेपेल इतकी आहे का, आणि त्यांची टीम वर्षाला फुफ्फुसाची किती ऑपरेशनं करते. दुसरं मत हवं असेल, तर परळच्या टाटा हॉस्पिटलशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेवर रिपोर्ट पाठवता येतात; त्यासाठी लगेच मुंबई गाठायला नको. काका विडी ओढत असतील तर ती आजच बंद करा. ऑपरेशननंतर न्यूमोनिया होण्याचा धोका त्यानं कमी होतो.