कॅमेरा कोणाच्या हाती?

सर्वेक्षण, प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण ह्या संशोधनपद्धती आपण समाजशास्त्राच्या तासाला शिकतो. ह्या सर्वांत बहुधा एक गोष्ट समान असते. काय विचारायचे हे संशोधक ठरवतो. ज्यांच्याविषयी संशोधन करायचे ते फक्त उत्तरे देतात. हा क्रम उलटा करून पाहणाऱ्या एका पद्धतीचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पण मी तिच्याकडे कशी वळले, ते आधी सांगितले पाहिजे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका गावाची पाहणी केली. ‘पाणी कोठून आणता?’, ‘किती अंतरावरून?’ असे प्रश्न आमच्या प्रश्नावलीत होते. बहुतेक घरांत नळ होता. अंतराच्या रकान्यात आम्ही शून्य लिहीत गेलो आणि ‘पाण्याची अडचण नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे झालो. निघताना एक बाई म्हणाल्या, “पोरी, तुझ्या कागदावर आमची अडचण बसंना बघ.” त्या वाक्याने मी अस्वस्थ झाले.

पुढे ग्रंथालयात चाळता चाळता ‘फोटोव्हॉइस’ हा शब्द भेटला. १९९० नंतरच्या काही वर्षांत कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस ह्या अभ्यासक स्त्रियांनी चीनच्या युन्नान प्रांतात बासष्ट ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले आणि आपले रोजचे जीवन टिपण्यास सांगितले. १९९७ मध्ये त्यांनी ह्या पद्धतीची सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे ह्यांचे विचार हा तिचा एक आधार आहे. शिकणारा हा रिकामा रांजण नव्हे, स्वतःच्या परिस्थितीचा तो जाणकार असतो, हे फ्रेरे ह्यांच्या विचारांचे सार म्हणता येईल.

छायाचित्रे काढून झाली की काम संपले, असे मात्र नाही. खरे काम तेथून सुरू होते. छायाचित्रे काढणाऱ्या व्यक्ती एकत्र बसतात, आपापली चित्रे निवडतात आणि त्यांवर बोलतात. येथे काय दिसते? खरोखर काय घडत आहे? आपल्या जीवनाशी त्याचा संबंध काय? ही स्थिती का आली? आणि आपण काय करू शकतो? अशा क्रमाने चर्चा जाते. अखेरीस ती चित्रे निर्णय घेणाऱ्यांसमोर मांडली जातात.

काढणाऱ्याच्या बोलण्यावाचून चित्र मुके असते. पेरूमधील लिमा येथे १९७३ साली चाललेल्या साक्षरतेच्या कार्यात ‘शोषण म्हणजे काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर छायाचित्राने द्यायचे होते. एका मुलाने भिंतीतल्या खिळ्याचे चित्र आणले. मोठ्यांना काही कळेना. मुलांना मात्र तत्काळ पटले. बूटपॉलिश करणाऱ्या मुलांना आपल्या जड पेट्या रोज शहरात वाहून नेणे अशक्य होते. म्हणून दुकानाच्या भिंतीतला खिळा ते भाड्याने घेत आणि रात्री पेटी त्यावर टांगून जात. नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल ह्यांनी हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

हे वाचल्यावर सुट्टीत मी पुन्हा त्या गावी गेले. चार बायका तयार झाल्या. माझा मोबाइल आळीपाळीने त्यांच्याकडे देऊन मी म्हटले, “पाण्याची अडचण दाखवा.” पूर्वीच्या त्याच बाईंनी वळचणीला खोचलेल्या खुरप्याचे चित्र काढले होते. चुकून निघाले असावे, असे समजून मी ते पुसणार होते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “नळ कवा येईल त्याचा नेम न्हाई. पाण्याची वाट बघत बसलं की खुरपं तिथंच राहतंय. त्या दिवसाचा रोज बुडाला.” बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. आम्ही अंतर मोजले होते. त्या दिवस मोजत होत्या.

ह्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. चार चित्रांवरून गावात किती जणींचा रोज बुडतो, हे सांगता येत नाही. त्यासाठी मोजणीच हवी. मात्र मोजायचे काय, हे चित्रांनी कळते. दुसरी गोष्ट संमतीची. एका बाईने शेजाऱ्यांच्या घरातील भांडण टिपले होते. चर्चेच्या वेळी तिनेच ते पुसायला सांगितले. कारण त्या घरी रोजचे येणेजाणे होते. ज्याचे चित्र काढायचे त्याची परवानगी, आणि ते दाखवायचे तर काढणाऱ्याची परवानगी, अशा दोन्ही लागतात. पहिलीविषयी मी आधी काहीच सांगितले नव्हते, ही चूक माझी.

अहवालातील ‘अडचण नाही’ हे वाक्य मी खोडले आणि पाण्याची वेळ व बुडालेले रोज ह्यांविषयी नवे प्रश्न तयार केले. अर्थात अहवाल सुधारल्याने नळाची वेळ सुधारत नाही. खुरप्याचे छायाचित्र ह्या लेखासोबत छापू का, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “आधी ग्रामसभेत दाखवू. मग तुमच्या पुस्तकात.”

म्हणून ते ह्या अंकात नाही.